कोकणातलं हिवाळी पक्षीनिरीक्षण: आधी पाणी बघा, मग पक्षी

नवखा माणूस दुर्बीण घेतो आणि नकाशात सगळ्यांत मोठं निळं दिसेल तिथे जातो. कोकणात ते बहुधा धरण असतं. दीड तास उभं राहिल्यावर चार पाणकावळे, एक घार आणि लांबवर टिबुकल्यांची जोडी एवढंच पदरात पडतं, आणि 'कोकणात बदकं येतच नाहीत' असं ठरवून तो घरी जातो. बदकं येतात. चिखल्या, तुतवार यांसारखे छोटे चिखलपक्षी आणि कुरव तर थव्यांनी येतात. पण ते पाण्याचा विस्तार बघून उतरत नाहीत, खोली बघून उतरतात. उथळ पाणी कुठे आणि कोणत्या वेळी मिळतं हे कळलं की निम्मं काम झालं. इथे त्या निम्म्या कामाबद्दल जास्त सांगितलं आहे आणि पक्ष्यांच्या ओळखीबद्दल कमी. ओळख पुस्तकातून शिकता येते, जागा आणि वेळ पुस्तकात सापडत नाही.

कोण किती पाण्यात

छोटा टिलवा आणि चिखल्या ओल्या चिखलावर किंवा फार तर दोन-तीन सेंटीमीटर पाण्यात चरतात. तुतवार त्याहून थोडं पुढे जातात. शेकाट्या लांब लाल पायांमुळे १५-२० सेंटीमीटरपर्यंत आरामात चालतो. थापट्या, चक्रांग, भुवई बदक आणि तलवार बदक ही बदकं खाण्यासाठी सहसा बुडी मारत नाहीत. वरवरचं टिपतात किंवा डोकं खाली आणि शेपूट वर करून तळातलं खातात. म्हणजे चोच तळापर्यंत पोचली पाहिजे, आणि त्यासाठी वीतभर ते हातभर पाणी लागतं. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते थव्यातून थोडं आत सरकलेलं दिसतं. खोल पाण्यात उरतात ते बुडी मारणारे: टिबुकली, पाणकावळा, चांदवा.

आता कोकणातलं धरण आठवा. सह्याद्रीच्या दोन सोंडांच्या मधली दरी अडवलेली असते. काठ तीव्र उताराचे, पाणी काठापासून दोन पावलांवर खोल. उजनीसारख्या पसरट जलाशयावर जी शेकडो बदकं दिसतात ती सिंधुदुर्गातल्या तिलारी धरणाच्या भिंतीजवळ दिसणार नाहीत, आणि त्यात तिलारीचा काही दोष नाही. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० साली बांधलेला, झाडीने वेढलेला, देखणा. तिथे जावं ते खंड्या, धनेश आणि काठच्या झाडांवरच्या पक्ष्यांसाठी. बदकांची अपेक्षा ठेवू नये.

धरणावर जायचंच असेल तर भिंतीवर न जाता फुगवट्याच्या शेपटाकडे जा, म्हणजे जिथे नदी किंवा ओढा धरणात येऊन मिळतो तिकडे. तिथे गाळ साचलेला असतो, उतार मंद असतो. जानेवारीनंतर पाणी सोडलं जातं तसा हा गाळ उघडा पडतो आणि चिखल्या-तुतवार-धोबी तिथे उतरतात. भिंत हा जलसंपदा विभागाचा भाग आहे. काही ठिकाणी तिथे जायला किंवा फोटो काढायला मनाई असते, म्हणून चौकीदाराला विचारूनच पुढे व्हा. बंदरं आणि वीज प्रकल्पांच्या परिसरात तर दुर्बीण गळ्यात असणंसुद्धा प्रश्नांना आमंत्रण ठरतं.

उथळ पाणी मिळण्याच्या खऱ्या जागा या:

गावतळी, विशेषतः ज्यांच्या एका बाजूला कमळं, लव्हाळे किंवा गवत आहे. इथे कमळपक्षी, पाणकोंबडी, जांभळी पाणकोंबडी, अडई आणि हळदी-कुंकू बदक हमखास दिसतात. काणूक भेटला तर नशीब.

वायंगणी भात. पावसाळी भात कापल्यावर ज्या मळ्यांत पाणी टिकतं तिथे हिवाळ्यात पुन्हा लावणी होते. चिखलणी चालू असताना गायबगळे आणि वंचक नांगरामागे असतात. लावणी झाल्यावर बांधाच्या कडेला पाणलावा दबून बसलेला असतो. तो दिसत नाही, पायाजवळून कर्कश ओरडत नागमोडी उडतो तेव्हा कळतं. बांधावरून चाला, खाचरात उतरू नका. नवी रोपं तुडवली गेली की पुढच्या निरीक्षकाला त्या मळ्यात थारा मिळत नाही.

खार जमिनी, मिठागरं आणि कोळंबीची तळी. रायगडात उरण-पेण पट्ट्यात आणि पालघरकडे ही भरपूर आहेत. तळी रिकामी करतात त्या दोन-तीन दिवसांत तळाच्या चिखलावर पक्ष्यांची झुंबड उडते. तळ्याचा मालक मासे आणि कोळंबी वाचवायला फटाके लावून पक्षी उडवतो, म्हणून तुम्ही नेमके कोण आणि कशासाठी आलात हे आधीच त्याला सांगितलेलं बरं.

आणि खाडी. कोकणातली सर्वांत मोठी उथळ जागा तीच, फक्त ती दिवसातून दोनदा उथळ होते.

भरती-ओहोटी पंचांगावरून

खाडीवर चुकीच्या वेळी गेलात तर दोनपैकी एक होतं. पूर्ण भरती असेल तर चिखल पाण्याखाली, पक्षी कुठे तरी लांब विसावलेले. पूर्ण ओहोटी असेल तर चिखल एवढा पसरलेला की पक्षी अर्धा किलोमीटर लांब, पाण्याच्या कडेला, नुसते ठिपके. पाणी चढत असतानाचे शेवटचे दोन-अडीच तास सर्वांत चांगले. पाणी पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं, तुम्हाला हलावं लागत नाही. भरती उलटल्यावर पहिला चिखल उघडा पडतो तो तासही वाईट नाही, कारण भुकेले पक्षी काठाजवळच उतरतात.

कोळ्यांचा जुना हिशेब असा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण सहाला भरती आणि बाराच्या पुढे ओहोटी. पंचमीला पावणेचार, द्वादशीला नऊ. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, गणित तेच. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते.

म्हणजे सकाळच्या उन्हात, चढत्या पाण्यावर पक्षी बघायचे असतील तर एकादशी ते चतुर्दशी हे दिवस निवडा. भरती सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, तुम्ही सातला जागेवर असता. शिवाय उधाण जवळ आलेलं असतं, पाणी जास्त वर चढतं आणि पक्षी जास्त जवळ येतात. सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. तेव्हा तलावावर किंवा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, जावं.

हा हिशेब अंदाजाचा आहे, पाऊण तासापर्यंत चुकू शकतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते. खाडीच्या मुखापासून आत गेलात तर तिथे आणखी उशिरा. म्हणून दिवस पंचांगावरून ठरवा आणि नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून पक्की करा. मुंबईचा तक्ता बघून मालवणजवळच्या देवबागला जाणं ही नेहमीची चूक आहे.

उभं कुठे राहायचं हे सूर्य ठरवतो. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे तुम्ही पूर्वेच्या काठावर आणि नजर पश्चिमेकडे. समुद्रकिनारा या बाबतीत सोयीचा आहे: आक्षी, केळशी, आंजर्ले, भाट्ये, कुठेही सकाळी ऊन आपोआप पाठीमागून येतं. संध्याकाळी मात्र सगळे पक्षी काळे दिसतात आणि कुरवांच्या डोक्यावरचे ठिपके ओळखण्याचा खटाटोप व्यर्थ जातो. खाडीवर पूल असेल तर पुलाच्या कोणत्या टोकाला उभं राहायचं ते आदल्या दिवशी बघून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सात ते सव्वासातच्या सुमारास होतो, पावणेसातला पोचलेलं चांगलं. साडेनऊ-दहानंतर चिखलावरची हवा तापून थरथरायला लागते आणि कितीही महाग दुर्बीण असली तरी टिलवा टिलवा दिसत नाही.

खाडीच्या चिखलात उतरू नका. वरून टणक वाटणारा गाळ चार पावलांवर गुडघ्याएवढा होतो, आणि पाणी चढत असेल तर पाय उपसण्यात घालवलेला वेळ महागात पडतो. वाळूच्या दांड्यावर गेलात तर मागे बघत राहा, तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधली खोलगट पट्टी आधी भरते. वाशिष्ठी नदीच्या काठी मगरी आहेत, तिथे पाण्याच्या कडेला बसून डबा खायचा नाही.

दुर्बीण

८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे आठ पट मोठं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पट मोठं दिसेल म्हणून नवखे १०×५० घेतात. मग हात थरथरतो, दृश्याचं वर्तुळ लहान होतं आणि उडता पक्षी त्यात सापडतच नाही. २०× ते ६०× वाढवता येते असं छापलेल्या स्वस्त झूम दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका. आठ-दहा हजारांच्या आसपास नव्याने सुरुवात करणाऱ्याला पुरेशी दुर्बीण मिळते. खाडीवर खरा उपयोग तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपचा (एकनळी दुर्बिणीचा) असतो, पण तो पहिल्याच हिवाळ्यात विकत घेण्याची गरज नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या शेजारी उभं राहा.

दुर्बीण आपल्या डोळ्यांना लावून घेणं हे काम बहुतेक जण करत नाहीत आणि मग वर्षभर डोकं दुखतं म्हणतात. क्रम असा:

१. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेपर्यंत अंतर जुळवा.
२. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली दुमडा किंवा फिरवून आत घ्या. नसेल तर बाहेर काढा.
३. वीसेक मीटरवरची पाटी किंवा फांदी निवडा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा.
४. आता डावा डोळा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. (काही दुर्बिणींत ही कडी डावीकडे असते, मग डोळ्यांचा क्रम उलटा.)
५. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं.

पक्षी सापडत नाही ही दुसरी तक्रार. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. दुर्बीण आधी डोळ्यांना लावून मग शोधत बसलात तर फांद्याच दिसतील. चिखलावर शोधताना डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत, भात कापणारा जसा ओळ धरून जातो तसं जा, उडी मारू नका.

खाऱ्या हवेत भिंगांना बुरशी धरते. किनाऱ्यावरून आल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवा, मग किंचित ओलसर मऊ कापडाने मीठ पुसा. वाळू असताना पुसलं तर भिंगावर कायमचे ओरखडे. घरी दुर्बीण कापडी पिशवीत लटकवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. पावसाळ्यात चार महिने डब्याबाहेर राहिलेली दुर्बीण पुढच्या नोव्हेंबरात आतून धुरकट निघते, आणि ती साफ करायचा खर्च तिच्या किमतीच्या जवळ जातो.

तलावावरची एक सकाळ

कपडे मळकट हिरवे किंवा खाकी. पांढरा आणि भडक रंग नको. टोपी हवीच. जानेवारीतही अकरानंतर कोकणात घाम येतो, म्हणून दीड लिटर पाणी घ्या.

पोचल्यावर लगेच काठाकडे जाऊ नका. झाड, गडगा (दगडी कुंपण) किंवा देवळाची भिंत आडोशाला घेऊन दहा मिनिटं उभे राहा आणि डोळ्यांनीच आढावा घ्या. मग दुर्बिणीने आधी उघडं पाणी, नंतर पाणी आणि गवत मिळतात ती कडा, शेवटी काठची झाडं. त्या कडेवरच लाजऱ्या पाणकोंबड्या आणि पाणलावे असतात, आणि घाईत तीच राहून जाते. अडई पहाटे मोठ्या थव्याने मधोमध असतात, ऊन चढल्यावर गवतात शिरतात.

किती जवळ जायचं याला मीटरमधलं उत्तर नाही. पक्षी सांगतो. चरणं थांबवून मान उंच केली की थांबा. एकमेकांजवळ सरकून दुसऱ्या दिशेला पोहायला लागली तर चार पावलं मागे या. उडाली तर तुम्ही उशीर केलात. भरतीच्या वेळी एका दांड्यावर दाटीने विसावलेल्या थव्याला मुळीच उडवू नका. पाणी उतरेपर्यंत त्यांना दुसरीकडे चरता येत नाही आणि उडण्यात गेलेली ताकद भरून निघत नाही. किनाऱ्यावरची भटकी कुत्री आणि वाळूवर पळवलेल्या गाड्या हेच काम रोज करतात, त्यात आपली भर नको. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही टाळा.

ओळखताना कुठे गफलत होते

पहिल्या आठवड्यात बदकांपासून सुरुवात करा, ती मोठी आणि निवांत असतात. रंगापेक्षा आकार बघा, कारण माद्या सगळ्या तपकिरी असतात. चोच फावड्यासारखी रुंद तर थापट्या. मान लांब आणि शेपूट टोकदार तर तलवार बदक. नराच्या डोळ्यावर पांढरी भुवई तर भुवई बदक. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल तर हळदी-कुंकू, नावच ओळख सांगतं.

वंचक बसलेला मातकट, उडाला की पांढराशुभ्र. नवख्यांच्या वहीत त्यामुळे एकाच पक्ष्याची दोन नावं पडतात. किनाऱ्यावरचा स्लेटी काळा बगळा हा समुद्रबगळा, आणि तो पांढऱ्या रूपातही असतो.

खरी डोकेदुखी छोट्या चिखलपक्ष्यांची. त्यांच्यासाठी तीन प्रश्न विचारा: चोच लांब की आखूड, कसा चालतो, उडताना पंखावर आणि पाठीवर पांढरं कुठे दिसतं. थोडं धावून, थांबून, पुन्हा धावणारा आणि आखूड चोचीचा तो चिखल्या. त्यातही मानेभोवती पूर्ण पांढरी पट्टी असेल तर केंटिश चिखल्या, नसेल तर बहुधा छोटा वाळू चिखल्या. सतत खाली टोचत, शिवणयंत्राची सुई चालावी तसा खाणारा इवलासा तो टिलवा. खडकावर एकटा, शेपटीकडचा भाग सतत वर-खाली हलवणारा तो सामान्य तुतवार. त्याच्या खांद्यापुढे छातीवरून पांढरा वळसा वर चढलेला दिसतो. गोड्या पाण्यावर उडताना पाठ काळी आणि शेपटीचं मूळ लख्ख पांढरं दिसलं तर हिरवा तुतवार. पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी आणि पाय लाल, तर लाल पायांचा तुतवार. 'ट्यू-ट्यू-ट्यू' असा खणखणीत तीनदा आवाज आला तर हिरव्या पायांचा.

कोरलची चोच डोक्याच्या तिप्पट लांब आणि खाली वळलेली. छोट्या कोरलची तेवढी लांब नसते आणि त्याच्या डोक्यावर गडद पट्टे असतात.

कुरव आणि सुरय यांतला फरक: कुरव जाडसर, तरंगत पाण्यावर बसतो, सुरय सडपातळ, चोच खाली रोखून उडतो आणि सूर मारतो. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या आणि तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरं असतं, कानाजवळ फक्त काळा ठिपका. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे डाग. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी. मार्चमध्ये डोकी गडद व्हायला लागतात आणि नावं अर्थपूर्ण वाटू लागतात.

सगळं ओळखायलाच हवं असं नाही. 'अनोळखी चिखल्या, ४' ही नोंद चुकीच्या नावापेक्षा मोलाची.

सडा

कोकणचा जांभ्याचा सडा नोव्हेंबरात वाळतो. पावसाळी डबकी आटतात, गवत पिवळं पडतं, आणि रत्नागिरी-राजापूरपासून मालवण-देवगडपर्यंत हे सपाट माळ नुसतेच ओसाड दिसतात. तलावावर ४० जाती दिसतील तिथे इथे १५ दिसतील, पण त्या १५ तलावावर नसतात.

माळटिटवी इथली मानकरी: डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळी कातडी, पाय पिवळे. गावातली टिटवी वेगळी, तिची कातडी लाल. तुऱ्याचा तो मलबारी चंडोल, काळ्या पोटाचा आणि चिमणीसारख्या जाड चोचीचा तो डोंबारी नर, सडपातळ आणि शेपटी हलवणारी ती तिरचिमणी. एकाच जागी हवेत पंख फडफडवत थांबून खाली बघणारा तपकिरी शिकारी दिसला तर खरूची. खालून संथपणे, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उंच धरून गवतावरून जाणारा तो भोवत्या. त्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग असेल तर मादी किंवा पिल्लू, माँटेग्यूचा किंवा फिकट भोवत्या. हे दोघं नुसत्या नजरेने वेगळे करणं अनुभवी लोकांनाही कठीण जातं. गडद तपकिरी आणि डोकं मलईच्या रंगाचं असेल तर दलदली भोवत्या, तो पाणथळीवर जास्त.

सड्यावर साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर जा. संध्याकाळी भोवत्ये गवतात जमिनीवर रात्रीसाठी उतरतात. ती जागा लक्षात ठेवा, पण तिथून चालत जाऊ नका आणि सर्वांना सांगत सुटू नका. उन्हाळ्यात माळटिटवीची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून असतात. मार्चनंतर वाट सोडून चालणं थांबवलेलं बरं.

सड्यावरच्या धोक्यांत फुरसं पहिलं. जांभ्याच्या दगडाखाली, गडग्याच्या फटीत ते असतं. दगड उलटवू नका, न बघता दगडावर बसू नका, घोट्यावर येणारे बूट घाला. चावलंच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही न करता पाय स्थिर ठेवून सरळ सरकारी रुग्णालय गाठा. त्यावरचं प्रतिविष तिथे मिळतं. दुसरं, चिऱ्याच्या खाणी. सोडून दिलेल्या खाणीत पाणी साचतं, धोबी आणि टिबुकल्या येतात, म्हणून बघाव्यात. पण कड सरळ तुटलेली असते आणि चिरा कधी कधी सुटा असतो, कडेपासून दोन मीटर मागे राहूनच बघा. तिसरं, कलमांच्या बागा. डिसेंबर-जानेवारीत मोहोरावर औषध फवारतात. फवारणी चालू असेल त्या बाजूने जाऊ नका, आणि बागेत विचारल्याशिवाय शिरू नका. कुसळं मोज्यांत घुसतात. लोकरी मोजे घालणाऱ्याचा अर्धा तास ती काढण्यात जातो, गुळगुळीत कापडाची विजार बूटांवरून खाली सोडलीत की त्रास कमी.

महिन्यांचा अंदाज

चिखल्या आणि तुतवार ऑगस्टअखेरपासूनच यायला लागतात, पण पावसात त्यांना बघायला कुणी जात नाही. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात वन विभाग आणि स्थानिक निसर्गसंस्था फेऱ्या काढतात, सुरुवातीला त्यांपैकी एखाद्या फेरीला जाणं हा सर्वांत सोपा मार्ग. नोव्हेंबरात बदकं कमी, सड्यावर चंडोल-तिरचिमण्या भरपूर. डिसेंबर-जानेवारी सगळ्यांत भरलेला काळ. फेब्रुवारीत तळी आटतात आणि उरलेल्या पाण्यावर पक्षी एकवटतात, त्यामुळे थोड्याच जागी जास्त जाती दिसतात. मार्चच्या मध्यापासून परतीची लगबग, काही चिखल्यांच्या छातीवर तांबूस रंग चढलेला दिसतो. ठाणे खाडीत फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून येतात आणि उन्हाळ्यापर्यंत थांबतात. २०१५ साली ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली. मुंबईकराने सुरुवात तिथून करावी, सिंधुदुर्गापर्यंत जाण्याची घाई नको.

नोंद

वही खिशात मावेल एवढी, पेन्सिल, कारण दहिवरात पेनाची शाई पसरते. प्रत्येक फेरीला तारीख, जागा, सुरू-शेवटची वेळ, भरतीची वेळ किंवा तलावाची पातळी, ढग-वारा आणि मग जाती व संख्या. पाण्याची पातळी लिहिण्यासाठी एक खूण ठरवा: घाटाची पायरी, पंपघराचा खांब, काहीही. पुढच्या वर्षी बदकं का आली नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा त्या एका ओळीत सापडतं.

मोठा थवा मोजताना दहा पक्षी नीट मोजून तो गठ्ठा किती जागा व्यापतो ते डोळ्यांत बसवा आणि तसे किती गठ्ठे बसतात ते मोजा. दाट थव्यात नवखे कमीच मोजतात. थवा उडाल्यावर मोजायचा प्रयत्न करू नका, मोबाइलवर फोटो काढून घरी मोजा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना दिसलेली आणि ओळखलेली प्रत्येक जात टाका, कावळे-साळुंख्यांसह. फक्त दुर्मीळ पक्ष्यांची यादी संशोधनाला फारशी कामाची नसते, कारण बाकीचे नव्हते की लिहिले नाहीत हे कळत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे, आणि दरवर्षी त्याच जागी त्याच सुमारास मोजणारा माणूस तिथे हवा असतो. आपल्या गावचं एक तळं आणि खाडीचा एक काठ निवडून ठेवलात तर पुढच्या जानेवारीत तुमचं नाव त्या यादीत घालता येईल. तोवर महिन्यातून दोनदा, एकदा द्वादशीच्या आसपास खाडीवर आणि एकदा अष्टमीच्या आसपास तळ्यावर, एवढं पुरे.